बेस्टच्या बससाठी पैसा कुणी द्यायचा? महापालिकेने, राज्य सरकारने की फक्त प्रवाशाने?

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं आणि एसी बसचं ६ वरून १२ रुपये. पहिल्या पाच किलोमीटरचा हा दर आहे. ऐकायला पाच-सहा रुपयांचीच वाढ वाटते, पण घरच्या हिशेबात बसवून बघा. भायखळ्याहून परळच्या केईएम रुग्णालयात अम्मीला दाखवायला घेऊन जायचं असेल, तर दोन माणसांचं जाणं-येणं एसी बसने आधी २४ रुपयांत व्हायचं, आता ४८ लागतात. कॉलेजला जाणारी मुलगी महिन्यात २५ दिवस साध्या बसने ये-जा करत असेल आणि पास काढला नसेल, तर २५० च्या जागी ५०० रुपये. दोन-तीन मुलं शिकत असतील तर घरच्या बजेटमध्ये हा फरक लगेच जाणवतो.

तिकीट दुप्पट झालं तरी बस वेळेवर का येत नाही, हा सवाल नागपाड्यापासून लालबागपर्यंत प्रत्येक स्टॉपवर ऐकू येतो. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर बेस्टमध्ये पैसा येतो कुठून आणि जातो कुठे, हे आधी बघावं लागेल.

बेस्ट नेमकी कुणाची?

बेस्ट म्हणजे बृहन्मुंबई वीजपुरवठा आणि परिवहन उपक्रम. मूळ कंपनी १८७३ ची. १८७४ मध्ये तिने मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू केली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ही कंपनी मुंबई महापालिकेने विकत घेतली. म्हणजे बेस्ट राज्य सरकारची नाही, ती महापालिकेची आहे. एसटी मात्र राज्य सरकारच्या छत्राखाली आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं याच्यावरच उभं आहे.

तोटा का होतो?

पूर्वीची व्यवस्था सोपी होती. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्ट पुरवते. विजेत जो फायदा व्हायचा, त्यातून बसचा तोटा भरून निघायचा. गिरगावातला दुकानदार विजेचं बिल भरायचा आणि त्यातला थोडा भाग नकळत बसच्या प्रवाशाला मदत करायचा.

२००३ चा वीज कायदा आला आणि विजेचे दर नियामक आयोग ठरवू लागला. विजेचा पैसा विजेसाठीच, हे तत्त्व पक्कं झालं. मधली काही वर्षं बसचा तोटा भरण्यासाठी वीजबिलात वेगळी रक्कम लावली जात होती, पुढे तीही बंद झाली. बसचा जुना आधार गेला आणि त्याच्या जागी दुसरा कायमचा आधार कुणी उभा केला नाही.

जुलै २०१९ मध्ये किमान तिकीट ५ रुपये केलं गेलं. प्रवाशांना दिलासा मिळाला, गर्दीही वाढली. पण तिकीट कमी करायचं तर मधला फरक कुणीतरी भरायला हवा, आणि तो भरायची पक्की सोय झाली नाही.

इथे एक छोटं गणित करू. समजा एक बस एक किलोमीटर चालवायला ६० रुपये लागतात आणि तिकिटातून ३५ रुपये येतात. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.) प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये कमी पडले. आता बस जितकी जास्त धावेल, तितका तोटा वाढेल. मग तोटा कमी करायचा सगळ्यात सोपा रस्ता कोणता? फेऱ्या कमी करायच्या. फेऱ्या कमी झाल्या की प्रवासी शेअर टॅक्सीकडे जातो, तिकिटाचं उत्पन्न आणखी घटतं. असं हे चक्र फिरत राहतं.

बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांचं काय झालं तेही बघा. २०१९ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या ३,३३७ बस ठेवण्याचं ठरलं होतं. आज हा आकडा हजाराच्याही खाली आला आहे. बाकी गाड्या कंत्राटदारांच्या. गाडी त्याची, चालक त्याचा, आणि बेस्ट त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे देते. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात झालेल्या भीषण अपघातातली बसही कंत्राटाचीच होती. त्या वेळी चालकाच्या प्रशिक्षणाबद्दल उठलेले प्रश्न शेवटी पैशाच्याच प्रश्नाकडे येतात. सगळं स्वस्तात करायचं ठरवलं की प्रशिक्षण आणि देखभालीवर काटकसर होण्याचा धोका असतोच.

आज पैसा कोण देतं?

प्रामुख्याने महापालिका. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महापालिकेने बेस्टसाठी १,००० कोटी रुपये ठेवले. त्या वर्षाचा महापालिकेचा एकूण अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. मागच्या दहा-बारा वर्षांत महापालिकेने बेस्टला कर्ज आणि अनुदान मिळून हजारो कोटी दिले, तरी निवृत्त कामगारांना ग्रॅच्युइटीसाठी आंदोलनं करावी लागली.

म्हणून कामगारांची जुनी मागणी आहे की बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या मूळ अर्थसंकल्पात विलीन करा, दरवर्षी हात पसरायला लावू नका. जानेवारी २०१९ च्या नऊ दिवसांच्या संपात ही एक मुख्य मागणी होती.

मग राज्य सरकारने का द्यावं?

सरकारच्या बाजूने सांगितलं जातं की महापालिका देशातली सगळ्यात श्रीमंत, तिच्या ठेवीच हजारो कोटींच्या, मग राज्याच्या तिजोरीतून कशाला? मुद्दा चुकीचा नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसाने मुंबईच्या बससाठी कर का भरावा, असंही कुणी विचारू शकतं. पण दुसऱ्या बाजूलाही मजबूत कारणं आहेत.

पहिलं कारण, महापालिकेच्या कमाईची मोठी चावी आता राज्याकडे आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकेची जकात बंद झाली. त्याबदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं. सुरुवातीचा हप्ता सुमारे ६४७ कोटींचा होता आणि त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ कायद्यात धरलेली आहे. मुंबईच्या नाक्यावर गोळा होणारा पैसा आता राज्यामार्फत परत येतो.

दुसरं, भाडं ठरवण्याचा शेवटचा शब्द बेस्टचा नाही. बेस्ट प्रस्ताव करते, महापालिका मंजूर करते आणि मग तो मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाकडे जातो, जे राज्याचं आहे. भाड्यावर हात राज्याचा, तोटा मात्र महापालिकेचा.

तिसरं, राज्य मुंबईतल्या दुसऱ्या वाहतुकीला पैसा देतंच. लोकलच्या एमयूटीपी प्रकल्पांचा खर्च रेल्वे आणि राज्य अर्धा-अर्धा उचलतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली मेट्रो-३, जिची गिरगाव, काळबादेवी, दादर अशी स्थानकं आहेत, ती सुमारे ३७ हजार कोटींची. तिच्यासाठी जपानचं कर्ज आहे, केंद्र आणि राज्याचा वाटा आहे. शिवाय एप्रिल २०२२ पासून मुंबईत घर विकत घेताना मुद्रांक शुल्कावर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. मेट्रो झाली याचा आनंदच आहे. पण मेट्रो स्टेशनवरून डोंगरीच्या गल्लीपर्यंत किंवा परळच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत बसच पोहोचवणार ना?

एसटीला मिळतं, बेस्टला का नाही?

आपल्यातल्या कोकणी कुटुंबांना हे उदाहरण पटकन कळेल. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना तर त्याच्या आधीपासूनच प्रवास मोफत. या सवलतीचा पैसा राज्य सरकार एसटी महामंडळाला देतं. म्हणजे मुंबई सेंट्रलहून महाडला किंवा म्हसळ्याला जाणाऱ्या खालाजानचं तिकीट अर्धं. पण त्याच खालाजानला घरून मुंबई सेंट्रलच्या डेपोपर्यंत बेस्टने यायचं असेल तर तिकीट पूर्ण. बाई तीच, राज्यही तेच. फरक इतकाच की एक बस राज्याची आणि दुसरी महापालिकेची.

इतर राज्यांनी शहरातल्या बसलाही हे लागू केलं आहे. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना बस मोफत आहे. तमिळनाडूत २०२१ पासून शहरातल्या साध्या बसमध्ये आणि कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली, बेंगळुरू शहराच्या बससकट. भार तिथली राज्य सरकारं उचलतात.

अनुदान दोन प्रकारचं असतं

‘बेस्टला इतके कोटी मंजूर’ अशी बातमी आली की खूश होण्याआधी एक गोष्ट तपासा. भांडवली अनुदान म्हणजे नव्या गाड्या, डेपो, चार्जिंगची सोय. महसुली अनुदान म्हणजे रोजचा खर्च. घरात फ्रीज कुणी भेट दिला तरी दर महिन्याचं लाइट बिल आपल्यालाच भरायचं असतं, तसंच हे.

केंद्राच्या योजना बहुतेक पहिल्या प्रकारच्या. २०२३ ची पीएम ई-बस सेवा ३ ते ४० लाख लोकसंख्येच्या शहरांसाठी होती, मुंबई मोठी म्हणून त्यात बसलीच नाही. नंतर २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ४० लाखांवरच्या नऊ शहरांत मुंबई आली. गाड्या नक्कीच हव्यात. पण कंत्राटदाराला द्यायचा किलोमीटरचा पैसा रोज लागतो. बेस्टची खरी तंगी या दुसऱ्या प्रकारची आहे, आणि तिथेच राज्याच्या दरवर्षीच्या ठरलेल्या मदतीची गरज आहे.

आपण काय विचारायचं?

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हातात होता. या जवळजवळ चार वर्षांत बेस्टचा हिशेब मागायला लोकांनी निवडलेले नगरसेवक नव्हते. आता आपापल्या वॉर्डात नगरसेवक आहेत. त्यांना विचारा की आपल्या भागातल्या कोणत्या मार्गावर किती फेऱ्या कमी झाल्या. तोंडी उत्तरावर थांबू नका, मोहल्ला कमिटी किंवा शाळेच्या पालक सभेतर्फे लेखी द्या. मार्गाची माहिती माहितीच्या अधिकारात बेस्टकडूनही मागता येते.

राज्याचा पैसा मात्र नगरसेवक देऊ शकत नाही. तो विधिमंडळात मंजूर होतो, मुख्य अर्थसंकल्पात किंवा अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांमध्ये. म्हणून आमदाराला वेगळा आणि नेमका सवाल करायचा: एसटीतली महिला आणि ज्येष्ठांची सवलत बेस्टला लागू करून तिची भरपाई राज्य देणार का?

आणि पैसा मिळाला तर अटही आपणच मागायला हवी. अनुदान किलोमीटर आणि फेऱ्यांशी जोडा, दर तीन महिन्यांनी मार्गनिहाय हिशेब जाहीर करा. नाहीतर कोटींचे आकडे कागदावर फिरतील आणि बससाठी थांबलेल्या माणसांची रांग तेवढीच राहील. दहा रुपयांचं तिकीट काढणारा माणूस फुकट काही मागत नाही. आपण तिकिटात आणि करात दिलेल्या पैशांत बस किती वेळाने येणार, एवढंच तो विचारतोय, आणि हा त्याचा हक्क आहे.