आधी पाणी, मग आमराई, मग इमारत

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत पडून मोकळा होणारा. अशा मुलखात पाणी, बाग आणि आधुनिक वास्तू एकजीव झालेली पाहायची तर शहराबाहेरच्या जैन हिल्सवर जावं.

वाकोदच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले उद्योजक भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी हा परिसर वसवला. मूळची टेकडी मुरमाड आणि उजाड. अशा उतारावर पाऊस थांबत नाही. वरची चिमूटभर माती घेऊन नाल्याला लागतो. म्हणून उताराला आडवे, एकाच पातळीवरचे समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, पाणी तळ्यांत अडवलं गेलं. चरात थबकलेलं पाणी मुरमात जिरतं, बांधाशी गाळ साचतो आणि झाडाला मूळ धरायला जागा होते. जमिनीची पातळी ओळखून पाणी खेळवणं खानदेशाला नवं नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत शतकानुशतकं हेच करत आली: बंधाऱ्यातून पाट काढायचा आणि नुसत्या उताराच्या बळावर पाणी शेतात न्यायचं. टेकडीवर मात्र तळं खाली आणि झाडं वर, त्यामुळे पाणी उपसून चढवावं लागतं. इस्राएलमध्ये १९६०च्या दशकात व्यापारी रूप घेतलेलं ठिबक इथे कामी आलं, कारण त्यात पाणी थेट मुळाशी पडतं, उतारावरून वाहून जात नाही.

अशा पाण्यावर टेकडीवर वाढलेल्या आमराईतच गांधी तीर्थ हे संग्रहालय उभं आहे. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्याचं उद्घाटन केलं. बांधकाम जोधपुरी दगडाचं. दगड देखणा आहे, पण पायाखाली काळा बेसाल्ट असताना राजस्थानातून दगड आणणं मला थोडं खटकतं. ती उणीव आंब्याच्या सावलीने बरीचशी झाकली आहे.

जळगावातल्याच मेहरूण तलावाच्या बाजूला घर बांधू पाहणाऱ्यांनीही एक गोष्ट जैन हिल्सवरून उचलावी: आधी पाण्याची चाल ओळखायची, मग लावणी. खानदेशातलं तळं उन्हाळ्यात आटतं, काठ दूर सरकतो. विलायती नकाशाप्रमाणे अगदी काठावर हिरवळ अंथरली, तर एप्रिलमध्ये तिच्यापुढे भेगाळलेला गाळच दिसेल. त्या सरकत्या पट्ट्यात पाण्यात आणि कोरड्यातही तगणारं करंज किंवा अर्जुन लावावं, बोर वरच्या निचऱ्याच्या जागी न्यावी आणि हिरवळ, हवीच असेल तर, घराच्या सावलीत वाफ्याएवढी ठेवावी.