समुपदेशकाची पाटी आणि नोंदणी

भूममध्ये कोणी ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावली, तर त्यामागे कोणती नोंदणी आहे हे विचारायला संकोचू नका. एकाच पाटीखाली तीन वेगळ्या पात्रतेची माणसं बसलेली असू शकतात.

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर. मनाच्या आजारावर गोळ्या लिहून देणं डॉक्टरांचंच काम. त्यांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 1992च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यांना सरळ म्हणावं, ‘तुमचा सीआरआर, म्हणजे या परिषदेच्या नोंदवहीतला, नंबर सांगता का?’ खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

अडचण आहे ती साध्या ‘समुपदेशक’ या शब्दाची. तो अनेक वर्षं कोणीही लावत आला. चार दिवसांचा कोर्स केलेलेही लावतात. ही गोष्ट मला फार गंभीर वाटते, कारण समोर बसलेला माणूस आधीच खचलेला असतो. संसदेने 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात समुपदेशकही धरले आणि राज्यांनी परिषद नेमून त्यांची नोंदवही ठेवावी असं ठरवलं.

आपल्या जिल्ह्यात शेतकरी कुटुंबांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघर विचारपूस करत आल्या आहेत. त्या उपचार करत नाहीत, त्रास ओळखून दवाखान्याची वाट दाखवतात. तेही मोलाचंच. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानसचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.