छावणीतील पंच

संगणकावरील खेळ म्हटला की पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांसमोर बंदुकांचा धडाका नाही तर मोटारींची शर्यत एवढेच येते. परंतु याच कुळाची एक शाखा अशी आहे की जीत खेळणारा कल्पित राज्यातील एखाद्या पात्राची भूमिका पत्करतो, कित्येक तास ती निभावतो, आणि वाटेत भेटलेल्या माणसांना सोबतीला घेऊन, त्यांच्याशी हितगुज आणि प्रसंगी भांडण करीत, कथेचा शेवट आपल्या निर्णयांनी घडवितो. या प्रकाराचे मूळ कागद, पेन्सिल आणि फासे यांत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि त्यात पात्राची नैतिक प्रवृत्ती आरंभीच जाहीर करावयाची असे. म्हणजे माणूस कसा आहे हे त्याने काही करण्यापूर्वीच दप्तरी नोंदले जाई.

ही नोंद कालांतराने ज्यांनी पुसली, त्यांत कॅनडातील एडमंटन येथे १९९५ साली स्थापन झालेल्या बायोवेअर या संस्थेचा वाटा मोठा आहे. तिचे संस्थापक रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप हे तिघेही डॉक्टर. रोग्याची कैफियत ऐकल्यावाचून निदान करू नये ही सवय त्यांनी नव्या धंद्यात नेली असावी, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. त्यांच्या १९९८ सालच्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये सोबती आपसांत भांडत आणि नायकाची कीर्ती त्यांच्या प्रकृतीस मानवेनाशी झाली की निघून जात, २००३ सालच्या ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये मात्र पुण्यपापाचा हिशेब ठेवणारा एक मापक होताच. २००९ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ने तो मापक काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रत्येक सोबत्याचे, उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंतचे, स्वतंत्र मत बसविले. प्रमुख लेखक डेव्हिड गेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा फेरफार वरकरणी क्षुल्लक दिसतो. पण त्यामुळे न्यायासन आकाशातून उतरून छावणीत आले, आणि त्यावर बसलेले पंच स्वतःच निरनिराळ्या गुन्ह्यांतील आरोपी निघाले.

कथा फेरेल्डन नावाच्या राज्यात घडते. भूगर्भातून निघालेल्या डार्कस्पॉन या दूषित प्राण्यांच्या टोळधाडीशी लढावयास जमलेल्या राजसैन्याला ओस्टागारच्या रणांगणावर सेनापती लोगेन ऐन वेळी पाठ दाखवितो, तरुण राजा केलन मारला जातो, आणि धाडीचा मुकाबला करणाऱ्या ग्रे वॉर्डन या पंथाचे त्या राज्यात दोनच जण उरतात: नायक आणि मृत राजाचा सावत्र भाऊ अ‍ॅलिस्टर. त्यांच्याभोवती जी मंडळी जमते तिला सत्संग म्हणणे कठीण. रानात वाढलेली मॉरिगन ही जादूगारीण परोपकाराला दौर्बल्य मानते. झेवरान हा मारेकरी नायकाचाच खून करण्याची सुपारी घेऊन येतो आणि पराभूत झाल्यावर चाकरी पत्करतो. लोदरिंग गावाबाहेर पिंजऱ्यात कोंडलेला धिप्पाड स्टेन हा तर, ज्या शेतकरी कुटुंबाने त्याला जखमी अवस्थेत आसरा दिला त्यालाच, शुद्धीवर येताच तलवार जवळ नाही या भयाने बेभान होऊन ठार करून बसलेला असतो. तो पळत नाही, सबब सांगत नाही, सुटकेची याचनाही करीत नाही. आपल्या अपराधाचा फैसला त्याने स्वतःच केलेला आहे. असा मनुष्य पुढे नायकाच्या निर्णयांवर नापसंती दर्शवू लागला म्हणजे त्याचा अधिकार नाकारावा की मानावा हे चटकन ठरत नाही.

रेडक्लिफ गढीतील प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथील सरदार एमन विषप्रयोगाने मरणोन्मुख आहे; वडिलांचे प्राण वाचावेत म्हणून त्याच्या अल्पवयीन मुलाने, कॉनरने, एका पिशाचाशी करार केला आहे, आणि परिणामी गढीतून रोज रात्री उठणारी प्रेते गावावर तुटून पडत आहेत. मुलाला मारावे, किंवा त्याची आई इझोल्ड स्वखुशीने प्राण देण्यास तयार आहे तिच्या रक्तावर निषिद्ध विधी करून पिशाचाला गाठावे, असे दोन मार्ग समोर येतात. आणि यांपैकी कोणताही पत्करला तरी, त्याच गढीच्या आश्रयाने वाढलेला अ‍ॅलिस्टर छावणीत परतल्यावर नायकाला जाब विचारतो. त्याला उत्तर देताना आपण युक्तिवाद रचतो आहोत, हे खेळणाऱ्याच्या ध्यानात येते. खेद इतकाच की लेखकांनी तिसरा मार्गही ठेवला: सरोवरापलीकडील मनोऱ्यातून जादूगार आणावेत, म्हणजे आई आणि मुलगा दोघेही वाचतात. त्या प्रवासाच्या काळात पिशाच स्वस्थ बसून राहते! इतका स्वस्त सुटकेचा दरवाजा ठेवल्याने धर्मसंकटाचे मोल उतरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा दोष नजराण्यांचा. रुसलेल्या सोबत्याला आवडीची वस्तू दिली की त्याचे मत सुधारते, आणि लाचलुचपतीची ही सोय चतुर खेळाडू मनसोक्त वापरतो. तरीही काही श्रद्धा विकाऊ नाहीत: पूज्य अँड्रास्टेच्या पवित्र रक्षेत ड्रॅगनचे रक्त ओतून ती भ्रष्ट करणाऱ्या नायकावर, एरवी मृदुभाषी असलेली लेलियाना आणि मातेसारखी वृद्ध विन या सोबतिणी, तेथे हजर असल्यास, शस्त्र उपसतात.

खरी कसोटी लोगेनची. सरदारांच्या महासभेत तो पराभूत होऊन शरण येतो, तोवर त्याच्या नावावर राजाचा घात, एमनवरील विषप्रयोग आणि एल्फ जमातीच्या रहिवाशांना गुलाम म्हणून विकणे इतके जमा झालेले असते. परंतु हाच मनुष्य एका साध्या शेतकऱ्याचा मुलगा, परक्या ऑर्लेसचा अंमल झुगारून देणाऱ्या लढ्यातील वीर, आणि ते जोखड पुन्हा मानेवर येईल या धास्तीने पोखरलेला देशाभिमानी होय. कर्णाची बाजू आवडीने ऐकून घेणाऱ्या मराठी वाचकाला ही व्यक्तिरेखा परकी वाटू नये. त्याला मारण्याऐवजी ग्रे वॉर्डन करून घ्यावे अशी तजवीज राज्याबाहेरून आलेला एक ज्येष्ठ वॉर्डन मांडतो, आणि ती व्यवहारदृष्ट्या चोख आहे. कारण डार्कस्पॉनच्या धाडीचा म्होरक्या असलेल्या राक्षसी आर्कडेमनला वॉर्डनच मारू शकतो, आणि मारणारा स्वतःही वाचत नाही, तेव्हा एक वॉर्डन वाढला तर हवाच आहे. अ‍ॅलिस्टरला हे मान्य नाही. लोगेनला जीवदान दिले की, आरंभापासून सावलीसारखा वावरलेला हा मित्र सोबत सोडतो, आणि कितीही नजराणे त्याला परत आणू शकत नाहीत. लोगेन छावणीत येतो. त्याचेही मत मापले जाते, आणि त्याला जुने नकाशे भेट दिलेले आवडतात. येथे दयेची किंमत मित्राकडून वसूल होते, आणि मला हा प्रसंग रेडक्लिफपेक्षा कितीतरी सरस वाटतो.

२०११ साली निघालेल्या ‘ड्रॅगन एज २’मध्ये आधीच्या खेळातील निर्णयांचे दप्तर जसेच्या तसे नेता येते. लोगेनला वाचविणाऱ्या आणि अ‍ॅलिस्टरला वनवासी करणाऱ्या खेळाडूला तो कर्कवॉल शहराच्या गुत्त्यात झिंगलेला भेटतो आणि आपली फिर्याद भेटेल त्याला ऐकवितो. ज्याच्याविरुद्ध ती आहे तो जुना नायक त्या खेळात कोठेही उपस्थित नसतो.