चार मीटरच्या आतली एसयूव्ही: समज आणि वस्तुस्थिती

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडला टेकडीवरच्या ख्वाजा शेख फरीद बाबांच्या दर्ग्यावर नागपूर, चंद्रपूर, वर्ध्याहून कुटुंबेच्या कुटुंबे येतात. घरची गाडी म्हणजे एकतर छोटी हॅचबॅक, नाहीतर शेतातही चालणारी बोलेरो, असे चित्र आपल्या भागात बरीच वर्षे होते. आता या दोन्हींच्या मधली, उंच दिसणारी पण आखूड गाडी घरोघरी पसंत पडते आहे. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, पंच ही त्यातली ठळक नावे. कापूस-सोयाबीनचा हंगाम हाती आला की दसरा, धनत्रयोदशी किंवा पाडव्याचा मुहूर्त धरून याच गाड्यांची बोलणी होतात.

गाडी चांगलीच आहे. पण ती काय आहे याविषयीचे गैरसमज तिच्याइतकेच झपाट्याने पसरले आहेत. दहा-बारा लाख रुपये आणि घरातल्या माणसांचे जीव यात गुंतलेले असतात, म्हणून ते एकदा नीट तपासून पाहू.

“ही एसयूव्हीच आहे, फक्त थोडी लहान”

कायद्याच्या लेखी ती एसयूव्ही नाही. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठे आणि जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, या तिन्ही गोष्टी असतील तरच जीएसटीच्या उपकरासाठी वाहन एसयूव्ही धरले जात असे. कंपनी तिला काय नावाने विकते याला महत्त्व नव्हते.

ही चार मीटरची रेघ आली २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाला. हेतू छोट्या मोटारी स्वस्त करण्याचा होता. कंपन्यांनी मात्र त्या मापात मावेल ते सगळे बसवून पाहिले. आधी मागचा भाग आखडलेली सेडान आली आणि मग उंच गाड्यांची पाळी आली.

या प्रवासातला बराचसा भाग महाराष्ट्रात घडला आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची जननी असलेल्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये पिंपरी-चिंचवडमधून ‘रिओ’ आणली. चार मीटरच्या आतली उंच गाडी म्हणून ती पहिल्यांपैकी, पण चालली नाही. २०१२ मध्ये महिंद्राने झायलो मागून कमी करून ‘क्वांटो’ काढली. २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट आली तेव्हा खऱ्या अर्थाने लोकांना या प्रकाराची गोडी लागली. मग २०१६ मध्ये मारुतीची ब्रेझा, २०१७ मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी टाटा नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू आणि महिंद्राच्या नाशिक कारखान्यातली एक्सयूव्ही३००. तिचीच सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये ३एक्सओ या नावाने आली. त्याच वर्षी टाटा पंच देशात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली. जवळपास चाळीस वर्षे हा मान मारुतीकडे होता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. उपकर गेला आणि पेट्रोल-डिझेल गाड्यांचा हिशेब दोन दरांवर आला. वर सांगितलेल्या लांबी-इंजिनाच्या मापात बसणाऱ्या मोटारीला १८ टक्के, न बसणारीला ४० टक्के. इथे पुष्कळांची गफलत होते. नुसती लांबी कमी असून भागत नाही. ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून तिला ४० टक्के. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन ११९९ आणि डिझेल १४९७ सीसी, म्हणून तिला १८ टक्के. शेजारी उभ्या असलेल्या, जवळजवळ सारख्या मापाच्या दोन गाड्या, पण करात इतका फरक. शिवाय राज्याचा वाहन कर वेगळा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३ टक्के. वर्ध्याची एमएच ३२ ची पाटी लागेपर्यंत बिलात काय काय चढते ते कोटेशनवर ओळीने लिहून घ्यावे. विमा त्याच विक्रेत्याकडून घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, हेही लक्षात असू द्यावे.

“उंच आहे नं गाडी, निघते चिखलातून”

आपल्या भागात सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच.

आधी उंचीचे खरे माप पाहू. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची १६३ मिलिमीटर, नेक्सॉनची २०८. फरक ४५ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण पावणेदोन इंचांचा. गावच्या वेशीवरचा अंगावर येणारा गतिरोधक, उखडलेल्या डांबराची कड, कच्च्या रस्त्यातला मधला उंचवटा या ठिकाणी हे पावणेदोन इंच फार कामाचे असतात. गाडीचे पोट घासत नाही. पण कंपनी सांगते ते माप सहसा रिकाम्या गाडीचे असते. पाच माणसे आणि मागे सामान भरले की स्प्रिंग दबतात आणि त्यातला काही भाग जातो.

चिखलाची गोष्ट वेगळी. या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. तीन दरवाजांची थार किंवा जिम्नी चार मीटरच्या आत राहूनही चारही चाकांवर चालतात, पण त्या वेगळ्या कामाच्या गाड्या आहेत. जुन्या पद्धतीच्या सांगाड्यावरची बोलेरो मागच्या चाकांनी ढकलली जाते. आपली नवी गाडी मात्र हॅचबॅकसारखीच पुढून ओढते.

पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काय होते ते बघा. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत कणकेच्या गोळ्यासारखी भरते. दोन-तीन फेऱ्यांत खाचा बुजतात, टायर गुळगुळीत होतो. पाच माणसांचे आणि सामानाचे वजन गाडीच्या मागच्या अंगाला, ओढणारी चाके पुढे. चाक घसरतेय हे लक्षात येताच ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतो, म्हणजे जोर हवा तेव्हाच तो मिळत नाही. चालक घाबरून अॅक्सिलरेटर दाबतो, चाक जागेवर फिरते आणि आणखी खाली जाते. उंची कितीही असो, गाडी पोटावर टेकली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. तेव्हा वावरापर्यंत बारमाही जायचेच असेल, तर ही गाडी त्यासाठी नाही. पक्क्या रस्त्याला लावून पुढे पायी जावे.

आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर उंचीचा विचारही मनात आणू नये. एक फूट वाहते पाणी छोटी मोटार हलवू शकते, दोन फूट पाण्यात मोठ्या एसयूव्हीही वाहून जातात. जुलै २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सावनेर तालुक्यात पुराच्या पाण्याखालचा पूल ओलांडताना एक स्कॉर्पिओ वाहून गेली, त्यात माणसे दगावली. ती गाडी या सगळ्या छोट्या गाड्यांपेक्षा मोठी आणि जड होती.

“पाच तारे आहेत, काळजी नाही”

धडक-चाचणीत मिळणारे सुरक्षेचे तारे महत्त्वाचे आहेत आणि ते बघूनच गाडी घ्यावी, यात शंका नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या मोटारीला असा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यानंतर ग्राहक शोरूममध्ये मायलेजबरोबर सुरक्षेविषयीही विचारू लागला. हा बदल फार मोलाचा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली.

पण तारे वाचायचे कसे? पहिली गोष्ट, मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगळे असतात. २०१८ च्या त्याच नेक्सॉनला मोठ्यांसाठी पाच तारे होते, मुलांसाठी तीन. जाहिरातीत पाचच दिसले. पुढे २०२४ मध्ये जास्त कडक नियमांखाली तिने दोन्हींत पाच मिळवले. घरात लहान मूल असेल तर दुसरा आकडा आधी विचारा. दुसरी गोष्ट, समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. दुभाजक असलेल्या चौपदरी महामार्गावर मोटारीला वेगमर्यादा १०० आहे, समृद्धी महामार्गावर १२०. जाम गावापासून नागपूरकडे निघालेली गाडी याच वेगात असते. तिसरी गोष्ट, चाचणी साधारण स्वतःच्याच वजनाच्या गाडीशी टक्कर झाल्यासारखी असते. समोरून ट्रक आला तर ते गणित उरत नाही.

आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी मर्सिडीज एसयूव्ही होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले आणि मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे. मूल मांडीवर घेऊन पुढे बसणे हा आपल्याकडचा प्रेमाचा रिवाज आहे, पण एअरबॅग उघडते तेव्हा तो मुलासाठी जीवघेणा ठरू शकतो. बालआसन मागच्या सीटवर, आयसोफिक्सच्या कड्यांत अडकवून बसवायचे. ती कडी या गाड्यांत असतात, फक्त बहुतेकांनी ती कधी शोधलेली नसतात.

“आपल्याला डिझेलच परवडते”

परवडते का, ते किलोमीटर सांगतील. समजा पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर आहे. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल १९ किलोमीटर देते. मग पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७ रुपये, डिझेलचा ४ रुपये ८४ पैसे. वाचतात २ रुपये १६ पैसे. डिझेल गाडी १ लाख ३० हजारांनी महाग असेल तर ते पैसे वसूल व्हायला सुमारे ६० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्याला पाच वर्षे. हिंगणघाट बाजार, नागपूरचा दवाखाना, चंद्रपूरचे सोयरे अशा फेऱ्या सतत असतील तर डिझेल घ्या. शाळा, दुकान, शेताचा बांध एवढेच असेल तर नको.

कारण आणखी एक आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला इंजिन तापून सलग काही वेळ मोकळ्या रस्त्यावर धावावे लागते. रोजच्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते आणि दुरुस्ती महाग पडते.

डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते, हाही असाच एक पसरलेला समज. दहा वर्षांची मर्यादा आली ती दिल्ली आणि राजधानी परिसरासाठी. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणी होऊन तिचे नूतनीकरण करता येते.

मायलेजचा कंपनीने सांगितलेला आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगांच्या क्रमाने काढलेला असतो. तिथे पाच माणसे, एसी आणि गिरडचा चढ नसतो. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला तर पायाचा जोर लगेच कळतो.

तीन सिलिंडर म्हणजे रिक्षाचे इंजिन, असे कुणी म्हटले तर मनावर घेऊ नका. नेक्सॉनचे असे इंजिन १२० अश्वशक्ती देते. थरथर थोडी जास्त जाणवते, ती स्वतः चालवून पाहा.

मग ही गाडी घ्यावी कुणी?

ज्या घरात म्हातारी माणसे आहेत त्यांनी जरूर विचार करावा. या गाडीचा सर्वांत खरा गुण मला तिच्या सीटच्या उंचीत दिसतो. हॅचबॅकमध्ये गुडघे वाकवून खाली उतरावे लागते आणि बाहेर येताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. इथे सीट कमरेच्या बरोबरीला येते. गुडघे दुखणारी आजी दाराला पाठ करून टेकते, पाय आत घेते आणि बसते. उतरतानाही तसेच. सुमो-बोलेरोच्या पायरीवर चढण्याची कसरत इथे नाही. रोज दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी सनरूफपेक्षा याची किंमत जास्त आहे.

मागे तिघे मोठे बसतात का, हे मात्र बसूनच बघा. मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येणारा आहे की फक्त कमरेचा, तेही पाहा. सातव्या माणसाचा विचार असेल तर गाडी चुकली. चकचकीत अलॉय चाकांपेक्षा आपल्या रस्त्यांना लोखंडी चाक बरे, खड्ड्यात वाकले तर ठोकून सरळ करता येते. स्टेपनी पूर्ण मापाची आहे की बारीक, हे डिकी उघडून खात्री करा.

शोरूमला जाताना घरातले सर्वांत वयस्कर माणूस आणि सर्वांत लहान मूल दोघांनाही बरोबर न्या, पाचही जण बसून चाचणीची फेरी मारा आणि मगच बयाणा द्या.