विस्मृति आणि सूर

वृद्ध मातेनें पोटच्या मुलाकडे परक्यासारखें पाहावें आणि "आपण कोण?" असें विचारावें, याहून मोठें दुःख घरच्या माणसांस क्वचितच असेल. पण कोणी तिच्या बालपणची भूपाळी आळवूं लागलें, तर तीच माता कित्येकदां पुढील चरण स्वतः म्हणूं लागते. मुलाचें नांव गेलें आणि गाणें राहिलें, हें कसें?

स्मृतिभ्रंशाच्या विकारांत जो सर्वांत अधिक आढळतो, त्याचें वर्णन जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनीं १९०६ सालीं केलें. त्यांत बहुधा ताज्या गोष्टींची आठवण आधीं जाते. कारण नवी आठवण रुजविणारा मेंदूचा भाग आरंभींच झिजूं लागतो. जुन्या गाण्याची गोष्ट निराळी. चाल, शब्द, ठेका आणि त्यांशीं जडलेली भावना मेंदूंत निरनिराळ्या ठिकाणीं रुजलेली असते. शिवाय, परिचित गाणें ओळखण्याशीं संबंध असलेले मेंदूचे भाग या रोगांत इतरांच्या मानानें बरेच शाबूत राहतात, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें.

मग संगीतानें हा रोग बरा होतो काय? नाहीं. अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २०१८ सालच्या एका समीक्षेचा निष्कर्ष संयमाचा आहे. संगीतोपचारानें रुग्णाची खिन्नता बहुधा कमी होते, वर्तनांतील त्रासहि एकंदरींत उणावतो. परंतु आकलनशक्तींत फारसा फरक पडत नाहीं, आणि उपचार थांबल्यावर हा गुण टिकतो असें सिद्ध झालेलें नाहीं.

घरीं काय करावें? रुग्णाच्या तरुणपणचीं गाणीं तिच्या भावंडांस विचारून निवडावीं. इतर आवाज बंद करावे, जवळ बसावें, हलकेंच आपणहि गावें, हातानें ताल धरावा. चुकलेला शब्द सुधारूं नये. चेहऱ्याकडे लक्ष असावें. एखाद्या गाण्यानें जुनें दुःख जागें झालें, तर तें थांबवावें. नभोवाणीवरून बोलणाऱ्यानें हें सांगणें चमत्कारिक वाटेल, पण दिवसभर यंत्र सुरू ठेवणें म्हणजे उपचार नव्हे. त्या गोंगाटानें रुग्ण अधिकच गोंधळतो.

गाणें संपल्यावर ती माता मुलाचें नांव सांगूं शकेलच असें नाहीं. मुलानें ती परीक्षा घेऊंहि नये. चार क्षण दोघें एका सुरांत होतीं, एवढें त्यानें मनाशीं ठेवावें, आणि उद्यां पुन्हां तेंच गाणें धरावें.