फुप्फुसाचा कर्करोग आणि पोटातील अनपेक्षित संकट

फुप्फुसाचा कर्करोग मेंदू, हाडे आणि यकृत येथे पसरतो, हे रुग्णाच्या घरी बहुधा ठाऊक असते. आतड्यांचे नाव मात्र सहसा कोणी काढत नाही. त्यामुळे असा रुग्ण रात्री पोट धरून बसला की घरची मंडळी ओवा किंवा इसबगोल शोधू लागतात. दोष त्यांचा नाही. या रुग्णांना बद्धकोष्ठ असतेच, कारण वेदनाशमनासाठी दिलेले मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंदावते.

कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे आतड्याच्या, विशेषतः लहान आतड्याच्या, भिंतीत रुजू शकतात. अनेकांना त्याचा त्रास कधीच जाणवत नाही. काहींच्या बाबतीत मात्र गाठ वाढून मार्ग अडतो. पोट फुगते, हिरवट उलट्या होतात, वायूही सरत नाही. कधी गाठीमुळे आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. कधी थोडे थोडे रक्त झिरपते, शौच डांबरासारखे काळे होते आणि थकव्याचे खापर केमोथेरपीवर फुटते. सर्वांत भयंकर म्हणजे छिद्र पडणे. गाठीचा मधला भाग मृत होतो आणि भिंत फुटते. औषधाने गाठ विरघळतानाही हे घडू शकते. रुग्ण स्टेरॉइड घेत असेल तर पोट कठीण होणे, ताप येणे या नेहमीच्या खुणाही झाकल्या जातात. अशा वेळी एक्स-रेत श्वासपटलाखाली दिसणारी हवा किंवा सीटी स्कॅन खरी स्थिती सांगतो.

छिद्र पडल्यास आतड्याचा बिघडलेला भाग कापून टोके जोडतात. पोटात पू फार पसरला असेल तर जोडणी टाळून आतड्याचे तोंड पोटावर काढतात व तेथे पिशवी लावतात. अडथळ्यात प्रथम नाकातून नळी आणि सलाइन, मग गाठ काढणे किंवा तिला वळसा घालून नवी वाट करणे. अडथळे अनेक ठिकाणी असतील तर शस्त्रक्रियेचा उपयोग थोडाच.

येथे हिशेब स्पष्ट मांडलेला बरा. ही शस्त्रक्रिया कर्करोग बरा करीत नाही. छिद्र पडलेल्यांपैकी अनेक जण शस्त्रक्रियेनंतरही महिनाभर जगत नाहीत. आधीच दुबळे फुप्फुस भूल सोसते, पण कृत्रिम श्वासोच्छ्वास सुटणे कठीण जाते. तरीही प्रकृती बरी असलेल्या, आतड्यात एकच गाठ असलेल्या काही रुग्णांना पुढे कित्येक महिने मिळाले आहेत, अन्न तोंडाने घेता आले आहे. शस्त्रक्रिया नको असे ठरले, तरी वेदना व उलट्या आटोक्यात ठेवणारे उपशामक उपचार उपलब्ध असतात. ते नाकारलेले नसतात.

संमतिपत्र बहुधा मध्यरात्री पुढे येते, आणि सही करणाऱ्या मुलाला वडिलांची इच्छा ठाऊक नसते. ती विचारण्याची वेळ त्याआधीची, रुग्ण शुद्धीवर असून घरच्यांशी बोलत असतानाची.