विश्लेषण : दिवाळखोरी कायद्यातील तरुणांसाठी जागतिक पुरस्कार… सोलापूरकरांसाठी तो महत्त्वाचा का?

दिवाळे निघाले, हा शब्दप्रयोग आपल्याकडे आजही आवाज खाली आणून केला जातो. मात्र बुडत्या उद्योगातून कामगारांचे, बँकेचे आणि मालकाचे जेवढे वाचवता येईल तेवढे वाचवणे, हे आता कायद्याचे स्वतंत्र क्षेत्र झाले आहे. त्यात नव्याने पाय रोवणाऱ्यांसाठी ‘रिचर्ड टर्टन पुरस्कार’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे. गिरण्या आणि यंत्रमागांच्या सोलापूरशी या विषयाचे नाते जुने आहे.

पुरस्कार नेमका काय आहे?

रिचर्ड टर्टन हे ब्रिटनमधील दिवाळखोरी क्षेत्रातील जाणकार. इन्सॉल इंटरनॅशनल, इन्सॉल युरोप, ब्रिटनमधील आर-थ्री आणि इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनर्स असोसिएशन या चार संघटनांच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या स्मरणार्थ या चारही संघटनांनी मिळून हा पुरस्कार सुरू केला. विकसनशील किंवा उदयोन्मुख देशाचा नागरिक असलेला, तेथेच काम करणारा, या विषयात व्यवसाय किंवा अभ्यास करणारा आणि ३५ वर्षांखालील उमेदवार त्यासाठी अर्ज करू शकतो, असे त्याचे स्वरूप राहिले आहे. निवड झालेल्याला इन्सॉल युरोपच्या वार्षिक परिषदेला खर्चासह बोलावले जाते. त्या बदल्यात त्याने सुमारे ३ हजार शब्दांचा शोधनिबंध लिहायचा असतो. म्हणजे बक्षिसाच्या रकमेपेक्षा ओळख आणि अभ्यास यांवर येथे भर आहे.

सोलापूरचा याच्याशी काय संबंध?

भारतात आजारी उद्योगाचे काय करायचे, हा प्रश्न राज्यघटना लागू होताच सर्वोच्च न्यायालयात गेला, तो सोलापुरातून. ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो हातांचे काम गेले. गैरव्यवस्थापनामुळे उत्पादन थांबले आणि बेकारी वाढली, असे कारण देत केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढून कंपनीचा कारभार हाती घेतला. पुढे त्याचा कायदा झाला.

एकाच कंपनीसाठी कायदा करणे हा भेदभाव नाही का, असा सवाल करत चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक न्यायालयात गेले. डिसेंबर १९५० मध्ये ३ विरुद्ध २ अशा मतांनी त्यांची याचिका फेटाळली गेली. त्यानंतर सरकारनियुक्त संचालकांनी प्रेफरन्स शेअरची उरलेली रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास यांनी दाद मागितली. डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. भरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेता येत नाही, असे त्यामागचे सूत्र होते. कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल आजही अभ्यासतात. गिरणी वाचवायची, तर नियम आधीच ठरलेले हवेत. ऐनवेळी काढलेला अध्यादेश पुरत नाही, हा त्यातला धडा.

आता नियम काय आहेत?

२०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. कंपनीने किमान १ कोटी रुपये थकवले, तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात प्रक्रिया सुरू करता येते. सोलापूरच्या कंपन्यांसाठी हे न्यायाधिकरण मुंबईत आहे. प्रक्रिया सुरू झाली की संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि ‘दिवाळखोरी व्यावसायिक’ कंपनी चालवतो. देणेकऱ्यांचे दावे तपासणे, नवा खरेदीदार शोधणे, उद्योग चालू ठेवणे ही त्याची कामे. सर्व मिळून ३३० दिवसांची कालमर्यादा आहे, पण अनेक प्रकरणे त्याहून लांबतात. लघुउद्योग कंपन्यांसाठी २०२१ मध्ये ‘प्री-पॅक’ पद्धत आली. त्यात मालकाकडे कारभार ठेवून १२० दिवसांत तोडगा काढायचा असतो आणि त्यासाठी १० लाखांची थकबाकीही पुरते.

मग यंत्रमागधारकाला याचा फायदा होतो का?

खरी अडचण येथेच आहे. वरील दोन्ही मार्ग कंपनी किंवा एलएलपीसाठी आहेत. चादरी-टॉवेलचे अनेक छोटे कारखाने मात्र एकट्या मालकाच्या नावावर किंवा भागीदारीत चालतात. व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठीही संहितेत तरतुदी आहेत. त्या डिसेंबर २०१९ पासून लागू झाल्या, पण केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरत्या. त्यामुळे कर्जात बुडालेल्या साध्या कारखानदाराला जिल्हा न्यायालयात ज्या कायद्याखाली जावे लागते, तो १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदा आहे. किमान ५०० रुपयांचे कर्ज, ही त्यातली अट वाचली तरी त्याचे वय कळते.

शिवाय एकल मालकी किंवा भागीदारीत धंद्याचे कर्ज आणि घरचे कर्ज यांत भिंत नसते. माग विकून देणे फिटले नाही, तर घरावरही टाच येऊ शकते. सूत दुकानदाराचे येणे, कामगारांची मजुरी आणि बँकेचा हप्ता यांत कोणाला आधी द्यायचे, याचा निवाडा मग अनेकदा तगाद्याच्या जोरावर होतो.

सोलापूरच्या तरुणांना या क्षेत्रात कसे येता येईल?

वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापाल यांना १० वर्षांच्या अनुभवानंतर ठरावीक परीक्षा देऊन दिवाळखोरी व्यावसायिक म्हणून नोंदणी करता येते. इतका काळ थांबायचे नसेल, तर २ वर्षांचा पदवीधर नादारी अभ्यासक्रम हा थेट मार्ग आहे. नोंदणीचे नियम भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ ठरवते. ते वेळोवेळी बदलतात, त्यामुळे प्रवेशाआधी तपासून घ्यावेत. पुरस्काराच्या अटींबाबतही त्या वर्षीची घोषणा पाहावी. अर्जासोबत निबंधाचा विषय आणि त्याचा थोडक्यात सारांश मागितला जातो.

विषयासाठी सोलापूरच्या विद्यार्थ्याला लांब जावे लागणार नाही. कंपनी नसलेल्या छोट्या कारखान्याला सन्मानाने कर्जातून बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न अनेक विकसनशील देशांपुढे आहे. त्यावर लिहिताना जुन्या मिलचे निकाल आणि आजच्या यंत्रमागधारकाची हिशेबवही, दोन्ही हाताशी आहेत.

कारखानदारांनी मात्र निबंधाची वाट पाहू नये. आपला कारखाना कायद्याच्या नजरेत एकल मालकी आहे, भागीदारी आहे की कंपनी, आणि कर्जाला घर तारण आहे का, हे दोन प्रश्न हप्ता थकण्याआधीच वकिलाला किंवा सनदी लेखापालाला विचारून घ्यावेत.